बारा घरांची अमानत

रामहरी माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालायला मोकळे व्हाल. आणि ते काम त्याचं तो रोज करतोच आहे.

सोनपेठच्या एसटी स्टँडसमोर त्याचा गाळा. दोन संगणक, एक झेरॉक्स, अंगठा घ्यायचं मशीन आणि बाहेर बसायला एक बाकडं. उत्पन्नाचा दाखला असो, पीकविमा असो, निराधारच्या पगारासाठी हयातीचा अंगठा असो, गर्दी सगळी त्याच्याकडंच. का, तर हा वैतागत नाही. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचे अंगठे मशीनवर उठत नाहीत. जन्मभर खुरपं आणि दोरखंड धरून रेघाच झिजलेल्या. दुसरीकडं सरळ सांगतात, उद्या या. रामहरी ओलं फडकं घेतो, म्हातारीचा अंगठा आपल्या हातात धरून पुसतो, कोरडा करतो, पुन्हा टेकवतो. पाच वेळा, सहा वेळा. "उठायलाय मावशी, उठायलाय, जरा दाबा." आणि उठला की स्वतःच टाळी वाजवतो. असा माणूस.

खोड एकच. शहाणपणा शिकवायची. आणि तो शहाणपणा सगळा एकाच गोष्टीचा: क्लाउड.

झालं होतं असं की दोन वर्षांमागं विजेचा दाब एकदम वाढला आणि त्याचा जुना संगणक जळाला. आतलं सगळं गेलं. तेव्हा लोकांचे जेवढे दाखले वाचले ते मोबाइलमुळं वाचले, कारण मोबाइलवर काढलेला प्रत्येक फोटो आपसूक क्लाउडवर चढत होता. नवा संगणक आणला, नाव-पासवर्ड टाकला आणि सगळं जसंच्या तसं समोर हजर! झालं, त्या दिवसापासून रामहरी क्लाउडचा भगत झाला. दुकानावर पाटी लावली, 'आपले सर्व कागद येथे कायमचे सुरक्षित'. येईल त्याला सांगायचा, "कागदाचे दिवस गेले आता. भिजतो, फाटतो, उंदीर खातो. वर चढवलं की निवांत झोपायचं."

रस्त्यापलीकडं लिंबाखाली सितारामकाका बसतात. जुने अर्जनवीस. टेबल, टंकयंत्र आणि पायाशी पत्र्याची पेटी. लिहिलेल्या प्रत्येक अर्जाची एक प्रत त्या पेटीत, आणि वर्ष संपलं की पेटीतलं सगळं घरच्या माळ्यावर. चाळीस वर्षांची अशी चळत लागलेली. रामहरी चहा पाजायच्या निमित्तानं जायचा आणि त्यांना डिवचायचा.

"काका, एक दिवस तुमची पेटी उधई खाणार बघा."

"खाईल की," सितारामकाका म्हणायचे. "उधई हळूहळू खाते बाबा. आन् खाताना दिसते तरी."

रामहरी खदाखदा हसायचा. आता तेच वाक्य आठवलं की त्याला जेवण गोड लागत नाही.

सोनपेठपासून दोन कोसांवर धनगरांची एक वस्ती आहे. बारा घरं. दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, लेकरं घेऊन निघायचं आणि ज्येष्ठ लागला की परत यायचं. तिथल्या नर्मदाबाईचा रामहरीवर जीव. तिचा अंगठा त्यानं एकदा अकराव्या वेळी उठवला होता, तेव्हापासून. सत्तरीची बाई, पण चालायला लागली की तरणी पोरं मागं पडतात. मागच्या दिवाळीनंतर ती गाठोडं घेऊन दुकानात आली. गाठोड्यात वस्तीच्या बारा घरांचे कागद. कुणाचा शाळा सोडल्याचा दाखला, कुणाच्या बापाच्या नावाचा जमिनीचा जुना उतारा, कुणाची जन्माची नोंद.

"नदी-नाल्यातून जाताना भिजतेत बाबा," ती म्हणाली. "गेल्या साली तर घोडी बसली पान्यात. तुझ्यापाशी ठिव. समद्यांनी तुझंच नाव सांगितलं. अमानत हाय."

"मावशी, निवांत जावा," रामहरी छाती फुगवून म्हणाला. "हे आता कायमचं झालं म्हना."

त्यानं एकेका कागदाचा मोबाइलवर फोटो काढला, 'वस्ती' नावाचं फोल्डर केलं आणि सगळं क्लाउडवर चढवलं. कागद साडीच्या एका खोक्यात घालून फळीवर ठेवले. इथवर सगळं बरोबर केलं त्यानं.

त्या कागदांत सगळ्यात लहान कागद नर्मदाबाईचा होता. तिच्या नवऱ्याचा, येडबाचा, शाळेच्या नोंदीचा उतारा. येडबा सात-आठ वर्षांचा असताना गाडीखाली पाय सापडला. कळप काही त्याच्यासाठी थांबणार नव्हता, म्हणून त्याला गोदाकाठच्या एका गावात मावशीकडं ठेवलं. मावशीनं लंगडत्या पोराला उचलून शाळेत नेऊन बसवलं. पाय बरा झाला तसा पोरगा पळाला तो परत गेला नाही. पण तेवढ्या तीन महिन्यांत मास्तरानं रजिस्टरमध्ये नाव, बापाचं नाव आणि जात लिहून ठेवली. पिढ्यान्‌पिढ्या रानात राहिलेल्या त्या घराचं कागदावर उमटलेलं नाव ते एवढंच. येडबा जाऊन सहा वर्षं झाली. तो कागद म्हणजे घराची सात पिढ्यांची ओळख होती.

आता रामहरीनं काय केलं ते ऐका.

मार्च महिन्यात त्यानं गल्लीतलं दुकान सोडून स्टँडसमोरचा हा गाळा घेतला. हलवाहलवीत कागदांचा ढीग निघाला. रद्दीवाला दारात उभा, हमाल खोळंबलेले, आणि ह्याच्या डोक्यात भगतपणा. 'हे सगळं वर चढवलेलं आहे,' म्हणत त्यानं तीन पोती भरून दिली. साडीचा खोका त्यातच गेला. चुकून गेला म्हणाल, तर नाही. त्यानं खोका उघडून बघितला होता. 'हे तर सुरक्षित आहेत,' असं मनाशी म्हणून मगच टाकला. चुकून गेला असता तर आज त्याला तोंड लपवायला तेवढी तरी जागा राहिली असती.

एप्रिलमध्ये भाच्याचं जावळ होतं. मांडवात लेकरू आपल्या मांडीवर बसायच्या आधी रामहरीला व्हिडिओ काढायचा होता आणि मोबाइल म्हणाला, जागा नाही. ही कटकट महिनाभर चालूच होती. रामहरीनं घाईघाईत मोठी फोल्डरं निवडली, त्यात 'वस्ती' होतं, आणि पुसायला सांगितलं. मोबाइलनं एकदा विचारलं, सगळीकडून जाईल, चालेल का? आता आपण सगळे अशा वेळी काय करतो? वाचतो का? हो म्हणून बोट दाबतो. त्यानंही दाबलं. मोबाइलमधून जातंय ते, वर तर आहेच की! व्हिडिओ छान आला. सगळ्यांनी वाहवा केली.

आषाढातल्या एका सोमवारी नर्मदाबाई नात घेऊन आली. अर्पिता. वस्तीतली बारावी झालेली पहिली पोरगी, आणि नुसती बारावी नाही, जनावरांच्या डॉक्टरकीला नंबर लागेल एवढे मार्क पाडलेली.

"मेंढरांची डाक्टर व्हायलीय पोरगी," नर्मदाबाईनं बाकड्यावर बसलेल्या चारचौघांना ऐकू जाईल असं सांगितलं. "जातीची पडताळनी करायचीय. आज्ज्याचा कागद लागतोय म्हनं. शनिवारपस्तोर द्यायचाय. काढ बाबा अमानत."

"आत्ता देतो," म्हणत रामहरी संगणकाकडं वळला. 'वस्ती' शोधलं. नाही. पुन्हा शोधलं. मोबाइल काढला, तिथं नाही. क्लाउडवर गेला, तिथंही नाही. पुसलेल्या वस्तूंची पेटी उघडली, तर ती रिकामी. तिथलं महिनाभरानं आपोआप जातं, आणि एप्रिल होऊन तीन महिने झालेले. मांडवातला तो क्षण, ते बोट, सगळं एकदम डोळ्यासमोर आलं.

मागं वळून दोन शब्द बोलायचे होते: मावशी, गेलं. दोनच शब्द. पण बाकड्यावर चार माणसं होती, भिंतीवर पाटी होती, आणि म्हातारी त्याच्याकडं कौतुकानं बघत होती.

"मावशी," तो म्हणाला, "सर्वर डाऊन हाय. उद्या या."

आपल्याकडं हे वाक्य असं आहे की ह्याला कुणी पुरावा मागत नाही. पाऊस पडला नाही म्हटल्यावर जसं कुणी का म्हणून विचारत नाही, तसं. नर्मदाबाई उठली, "बरं बाबा," म्हणाली. अर्पितानं मात्र जाताना त्याच्या संगणकाकडं एकदा पाहिलं आणि आपल्या मोबाइलकडं एकदा.

मंगळवारी रामहरीनं दुकान उशिरा उघडलं, कारण सकाळीच तो मोटरसायकल घेऊन त्या गोदाकाठच्या शाळेत गेला होता. हेडमास्तरांनी कपाट उघडून दाखवलं. काही वर्षांमागं नदीचं पाणी गावात शिरलं तेव्हा भिजलेलं एक रजिस्टर, पानं एकमेकांना चिकटून त्याची वीट झालेली. येडबाचं नाव त्या विटेत कुठंतरी होतं. तिथून रद्दीवाल्याकडं गेला. रद्दीवाला हसला. "मार्चची रद्दी? साहेब, तिचे पुठ्ठे होऊन त्या पुठ्ठ्यात आंबे बी विकले असतील आता."

परत येताना तो सितारामकाकांपाशी थांबला. त्यांच्या पेटीत काही असेल, ही शेवटची आशा.

"ती मंडळी माझ्याकडं आलीच न्हाईत बाबा, तुझ्याकडं आली," काका म्हणाले. "पर काय झालं? तू तर म्हनत हुतास, मोबाइलमधी हाय, संगनकात हाय, वर हाय. तीन जागी."

"तिन्हीकडून गेलं."

काकांनी चष्मा काढून पुसला. "म्हंजे ते तीन नव्हतंच की. आरशात म्हैस दिसली म्हून दोन म्हशी हुत्यात का? एक मेली की दुसरी बी मरती." मग त्यांनी आवाज खाली घेतला. "सांगितलंस का तिला?"

"सांगतो," रामहरी म्हणाला.

सांगितलं नाही. नर्मदाबाई दुपारी आली आणि त्यानं पुन्हा तेच वाक्य म्हटलं. आणि खोट्याचं कसं असतं, एकाला सांगून भागत नाही. सर्वर डाऊन आहे म्हटल्यावर दुसऱ्याचं काम कसं करणार? बाई तर बाकड्यावर बसून राहायची, काय सांगावं, सुरू झालं तर! म्हणून मग रामहरीनं सगळ्यांनाच परत पाठवायला सुरुवात केली. चालू संगणक, चालू इंटरनेट, आणि हा पडदा भिंतीकडं वळवून बसलेला. चांगली चांगली गिऱ्हाइकं उठून पलीकडच्या दुकानात जायला लागली.

बुधवारी नर्मदाबाई आली ती पितळी तांब्या घेऊन. वर फडकं बांधलेलं. "शेळी व्यालीय. चीक आनलाय तुला. वाळून गेलास तीन दिवसांत. मशीनीच्या काळजीनं काय जीव घालवतू का?"

रामहरीनं तांब्या घेतला. हातात घेतला खरा, पण कुठं ठेवावा ते त्याला सुचेना. तेवढ्यात बजरंग नावाचा एक गडी तावातावानं आत आला. त्याचा रहिवासी दाखला दोन दिवस अडकलेला.

"ओ रामहरीशेठ, तिकडं पलीकडच्या दुकानात सर्वर धडाधड चालायलंय! तुमचंच तेवढं कामून बंद? झोपा काढायलेत का?"

पण रामहरीच्या आधी नर्मदाबाई उठली. कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"ए, आवाज खाली कर. त्याच्यावर कामून वराडतूस? पलीकडचं येगळं आसंल, याचं येगळं आसंल. हा मानूस खोटं बोलंल का? माझा अंगठा अकरा येळा पुसलाय यानं. तुझ्या बापानं पुसला आसता का?"

बाकड्यावरची माणसं हसली. बजरंग ओशाळून निघून गेला. आणि रामहरी? धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना, ते उगाच म्हणत नाहीत हे त्याला तेव्हा कळलं. कुणी कानफटात मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं. घरी गेल्यावर बायकोनं चिकाचा खरवस केला. त्यानं वाटी बाजूला सारली, पोट दुखतंय म्हणाला. दुखत होतंच.

गुरुवारी बाई आली. बसली. गेली. शुक्रवारी आली. उद्या शनिवार.

त्या दिवशी अर्पिता सोबत नव्हती. बाजाराचा दिवस नसल्यानं स्टँडवर सामसूम होती, बाकड्यावर दुसरं कुणी नव्हतं. रामहरी उठला, बाहेर आला आणि म्हातारीच्या पायाशी पायरीवर बसला. तिच्या तोंडाकडं बघायची त्याची हिंमत नव्हती. तो तिच्या टाचांकडं बघत बोलला.

"मावशी, सर्वर कवाच पडलं नव्हतं. मी खोटं बोलायलोय पाच दिस झाले. तुमचा कागद गेला. मार्चमधी मी सगळे कागद रद्दीत दिले. वर चढवलंय म्हून दिले. आन् मंग मोबाइलातनं पुसताना वरचं बी पुसलं गेलं. शाळेत जाऊन आलो, तिथलं बी संपलंय. पोरीचं वरीस माझ्यापायी..."

एक एसटी आली, दोन माणसं उतरली, एसटी गेली.

"ठावं हाय," ती म्हणाली.

रामहरीनं मान वर केली.

"पोरीनं सोमवारीच मोबाइल उघडून बघितला हुता. आज्जी, सर्वर चालू हाय म्हनली. ती तितंच बोलनार हुती. म्या हात दाबला तिचा. चार मानसांत कुनाला पाडू न्हाई."

"आन्... कागद?"

"मास्तरानं तो उतारा लिहून दिला तवाच म्हनलं, दोन दे, दोन्हीवर सही-शिक्का मार. एक तुझ्यापाशी ठिवला. दुसरा माझ्या लेकीपाशी, दैवशालाकडं, पिंगळीला. तिच्याकडं माझ्या चार शेळ्या बी हायेत, अर्धलीनं, निम्मी पिलं तिची, निम्मी माझी." ती अगदी साध्या आवाजात सांगत होती. "आमच्यात समदी जनावरं एका वाड्यात ठिवत न्हाईत. रोग आला, लांडगा आला, तर बियाला कायतरी उरावं. मंगळवारी पोरगी पिंगळीला गेली, कागद घिऊन आली. बुधवारी सकाळी परभनीला जाऊन अर्ज देऊन बी आली."

बुधवारी सकाळी! म्हणजे चिकाचा तांब्या आणला तेव्हा काम झालेलं होतं. बजरंगाला झापलं तेव्हा तिला सगळं माहीत होतं. पोरीचं वर्ष वाचलं म्हणून रामहरीचा जीव भांड्यात पडायला हवा होता, आणि पडलाही, अर्धी घटका. मग त्यातलं दुसरं सगळं ध्यानात आलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मंग तुमी रोज कामून येत हुता, मावशी?"

"माझं निभलं. बाकीच्या अकरा घरांचं काय?" आता तिचा आवाज कडक झाला. "ती मानसं तुझ्या भरवशावर निवांत बसलीत. त्यांच्याकडं दुसरी प्रत न्हाई. म्याच त्यांना म्हनलं हुतं, रामहरीपाशी ठिवा. तू सांगशील म्हून रोज यायले. चीक आनला, तवा वाटलं आज सांगंल. न्हाई सांगितलंस."

"तुमी सांगायचं ना त्यांना..."

"म्या सांगितलं आसतं तर तुझं नाव गेलं आसतं. तू सांगितलंस तर नुसते कागद गेले आसं हुईल." ती उठली, पदर सारखा केला. "परवा ये वस्तीवर. समदे आसतेत."

शनिवारी रात्रभर... नाही, त्या रात्रीचं सांगण्यात काही मतलब नाही. झोप आली नाही एवढंच. रविवारी सकाळी रामहरी वस्तीवर गेला. जाताना आधी दुकानावरची पाटी काढली. ती काढताना सितारामकाका लिंबाखालून बघत होते. त्यांनी मान वळवून दुसरीकडं बघितलं. एवढी मेहेरबानी त्यांनी केली.

वस्तीवर घोंगडी अंथरलेली होती. माणसांना वाटलं, रेशनकार्डाचं काहीतरी करायला आलाय, म्हणून सगळे खुशीत. कुणीतरी त्याच्यासाठी तक्क्या आणून ठेवला. नुकतीच लग्न होऊन आलेली बबिता प्लास्टिकची पिशवी घेऊन पुढं आली. आत तिचे दहावीचे कागद. "भाऊ, माझे बी ठिवून घ्या. समद्यांचे तुमच्यापाशीच हायेत म्हनं."

"थांब जरा," रामहरी म्हणाला, आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. सोमवारपासून नाही, मार्चपासून. खोका उघडून बघितला होता तेही सांगितलं. सर्वरचंही सांगितलं. मधे एकदा आवाज फुटला, तेव्हा त्यानं खाकरल्यासारखं केलं, पण कुणी फसलं नाही.

सांगून झाल्यावर कुणी शिवी दिली नाही. त्यानं रस्ताभर शिव्यांची तयारी केली होती, ती वाया गेली. बन्सीधर म्हणून वस्तीतला सगळ्यात वडील माणूस होता. त्यानं विचारलं, "म्हंजे आमच्या आबाच्या नावाचा कागद आता कुटंच न्हाई का?"

"न्हाई, बाबा."

"बरं," बन्सीधर म्हणाला.

तो 'बरं' रामहरीच्या जिव्हारी लागला. त्यानं घाईघाईत सांगायला सुरुवात केली, की मी प्रत्येकाच्या कागदाची नक्कल पुन्हा काढून आणीन, कचेऱ्यांतून मी हिंडेन, तुम्हाला कुणाला हेलपाटा नाही. माणसांनी माना डोलावल्या. चहा आला. त्यालाही दिला, सगळ्यांच्या आधी दिला. आणि तो चहा पिताना त्याला दिसलं, बबितानं हातातली पिशवी हळूच मागं नेली, घडी घातली आणि पदराखाली धरली. तिला वाटलं त्यानं बघितलं नाही.

शब्द त्यानं पाळला, हेही सांगायला हवं. पावसाळाभर तो सेलू, परभणी, गंगाखेड हिंडला. अकरांपैकी नऊ घरांचे कागद पुन्हा मिळाले. दोन घरांचे मिळाले नाहीत, आणि त्यात बन्सीधरचं एक. आता रामहरी क्लाउडला नावं ठेवत नाही, आणि पेटीलाही हसत नाही. क्लाउड आहेच. शिवाय एका वेगळ्या डिस्कवर भरून ती डिस्क काढून कपाटात ठेवतो, म्हणजे इकडचं पुसलं तरी तिकडचं राहील. आणि कागदाची एक छापील प्रत सितारामकाकांच्या माळ्यावर. मूळ कागद मात्र ज्याचा त्याला परत, हातात. गिऱ्हाईक म्हणतं, "ठेवा की तुमच्याकडंच," तर हा म्हणतो, "नको. तुमच्याकडं एक, तुमच्या लेकीकडं एक." कुणी कारण विचारलं की कामात डोकं घालतो.

दिवाळी झाली. वस्ती निघाली. मेंढरांचा लोंढा स्टँडसमोरून जायचा असतो, तेव्हा एसटीसुद्धा थांबते. रामहरी सकाळपासून दारात उभा होता. वस्तीपुरता स्वतःचा नेम मोडून नवी लोखंडी पेटी आणून ठेवली होती त्यानं, कुलपाची. माणसं जाताना "राम राम रामहरीभाऊ" म्हणत होती. बबिता गेली, गळ्यात मेणकापडाची पिशवी, पदराखाली. बन्सीधर गेला. हात वर केला त्यानं.

नर्मदाबाई थांबली. "हयातीचा अंगठा राहिलाय बाबा. घे."

रामहरीनं ओलं फडकं घेतलं. अंगठा पुसला, कोरडा केला, टेकवला. उठला नाही. पुन्हा पुसला. चौथ्या वेळी उठला. टाळी वाजवायला त्याचे हात आपसूक वर गेले आणि तसेच खाली आले.

"अर्पिता कशी हाय?" त्यानं विचारलं.

"बरी हाय. सुया टोचाय शिकायलीय." म्हातारी हसली, उठली, आणि बाकड्यावर ठेवलेलं आपल्या घरच्या कागदांचं गाठोडं तिनं काखेत घेतलं.

"मावशी," रामहरी म्हणाला. त्याचा हात त्या लोखंडी पेटीवर होता. "नदी-नाल्यातून जाताना भिजतील."

नर्मदाबाईनं पेटीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. तिच्या नजरेत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"राहू दे बाबा," ती म्हणाली. "माझं मी वागवते."

आणि ती मेंढरांमागं निघून गेली. रामहरी ओलं फडकं हातात घेऊन दारात उभा राहिला.